शाळा घरी आली, पण कोणाच्या घरी?

२०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेले मूल २०२५ च्या जूनमध्ये सहावीत गेले. शाळेच्या रजिस्टरवर त्याच्या सगळ्या इयत्ता व्यवस्थित चढलेल्या आहेत. एकही वर्ष वाया गेल्याचे कागदावर दिसत नाही. पण त्याच मुलाला जवळ बसवून मराठीच्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला सांगा. जोडाक्षर आले की ते थांबते, ओळ सुटते, आणि पान संपेपर्यंत सुरुवातीला काय वाचले ते विसरलेले असते. सगळीच मुले अशी आहेत असे नाही. पण कोल्हापूर शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या वस्त्यांत अभ्यासवर्गाच्या निमित्ताने आम्ही फिरतो तेव्हा, "पोरगं हुशार हाय वो, पण वाचायला बसलं की अडतंय," हे वाक्य घरोघरी कानावर येते. तेव्हा हे एका मुलाचे किंवा एका आईचे दुखणे राहिलेले नाही, याची खात्री पटते.

याचे मूळ शोधायला लांब जायला नको. ज्या वयात मूल बाईंच्या समोर बसून पाटीवर अक्षर गिरवते, त्या वयात या मुलांच्या हातात मोबाईल देण्यात आला; आणि पुष्कळांच्या हातात तर तोही आला नाही. करोनाच्या दोन वर्षांत प्राथमिक शाळेच्या मुलांनी घरी बसून जे शिक्षण घेतले, त्याचा हिशेब आपल्या समाजाने अजून नीट मांडलेला नाही. साथ गेली, मुखपट्ट्या गेल्या, लोक ते दिवस विसरूही लागले. पण मुलांच्या पाटीवरचा तो कोरा भाग तसाच आहे. म्हणून आज या पानावर त्याविषयी बोलायचे आम्ही ठरवले.

ठरले काय होते?

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. जूनमध्ये नवे वर्ष सुरू व्हायचे होते, पण शाळेचे दार उघडता येत नव्हते. तेव्हा पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" ही मोहीम काढली. रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवरून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांच्या गटावर यायचा. दीक्षा नावाचे अॅप होते. बालभारतीच्या पुस्तकांवर काळे-पांढरे चौकोनी ठसे छापलेले असतात, ते मोबाईलने टिपले की धड्याचा व्हिडिओ उघडायचा. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "टिलीमिली" ही मालिका सुरू झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर प्रश्न सोडवायचा "स्वाध्याय" उपक्रम आला.

लहान मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे यालाही शासनाने मर्यादा घातली. पहिली-दुसरीला अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रे आणि तिसरी ते आठवीला पाऊण-पाऊण तासाची दोन सत्रे, असे ते गणित होते. कागदावर पाहिले तर व्यवस्था वाईट नव्हती. अचानक आलेल्या संकटात इतके तरी उभे राहिले, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

मात्र प्राथमिकच्या मुलांचा वनवास सर्वांत लांबला. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले. पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ ला उघडले आणि दुसरी लाट आली तसे पुन्हा बंद पडले. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचे जाहीर झाले. खेड्यातील पहिली ते चौथीचे आणि शहरातील पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. जानेवारी २०२२ मध्ये तेही पुन्हा काही दिवस बंद झाले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाने शाळेतला बाक पाहिला तो थेट दुसरीच्या मध्यावर. ज्याला अक्षरे सर्वांत जास्त शिकवायची होती, तेच मूल शाळेपासून सर्वांत जास्त दिवस लांब राहिले.

मुलांनी काय अनुभवले?

मोठी माणसे "ऑनलाईन शिक्षण" म्हणतात तेव्हा टेबलावर ठेवलेला संगणक आणि कानाला लावलेला हेडफोन डोळ्यांपुढे येतो. आपल्या मुलांनी पाहिलेले चित्र वेगळे होते. एका खोलीत पाच माणसे, कोपऱ्यात स्टो किंवा गॅस, वर पत्रा. उन्हाळ्यात तो पत्रा तापतो आणि पावसाळ्यात त्याचा आवाज इतका होतो की बाई काय बोलतात ते ऐकू येत नाही. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन. अशा वेळी फोन कोणाला मिळायचा? दहावीचे वर्ष म्हणून थोरल्याला. मग मधल्याला. दुसरीतल्या धाकटीच्या वाट्याला फोन येईपर्यंत डेटा संपलेला असायचा. मुलगा आणि मुलगी दोघेही शिकत असतील तर पुष्कळ घरांत फोन मुलाच्या हातात आणि केरसुणी मुलीच्या हातात गेली, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

ज्यांना फोन मिळाला त्यांचे तरी काय झाले? सहा-सात वर्षांचे मूल हाताने शिकते. बाई त्याचे बोट धरून "अ" गिरवून घेतात, त्याच्या पाटीवरची चूक पाहतात, शेजारचे मूल काय करते ते पाहून ते स्वतःला सुधारते. फोनच्या पडद्यावर यातले काहीच होत नाही. गटावर पान आले, मुलाने ते वहीत उतरवले, आईने त्याचा फोटो काढून पाठवला, बाईंनी अंगठ्याची खूण टाकली. अभ्यास "झाला". पण मुलाने अक्षरे वाचून लिहिली की चित्रासारखी पाहून उतरवली, हे त्या फोटोत दिसत नाही. कितीतरी मुले सुंदर अक्षरात पानेच्या पाने उतरवत होती आणि त्यातला एक शब्दही वाचू शकत नव्हती.

आणखी एक गोष्ट कोणत्याच हिशेबात आली नाही. शाळा म्हणजे मुलाला रोज चार तास मिळणारी मोकळी जागा, सवंगडी आणि दुपारची खिचडी. शाळा बंद झाल्यावर पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य पालकांना घरी वाटले गेले. त्याने हातभार लागला, पण ते धान्य घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात गेले. एका लहानग्याने आम्हाला विचारले होते, "शाळा चालू झाल्यावर खिचडी परत देणार काय?" त्या प्रश्नात भुकेपेक्षाही रांगेत बसून सर्वांबरोबर खाण्याची ओढ जास्त होती.

पालकांची ओढाताण

आपले पालक कोण आहेत? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्रीवर जाणारे, इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळी करणारे, बांधकामावर, रिक्षावर, मार्केट यार्डात हमालीवर, महापालिकेच्या सफाईकामावर असणारे बाप. आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतात रोजाने जाणाऱ्या आया. टाळेबंदीत आधी काम गेले आणि काम परत आले तेव्हा बापाबरोबर फोनही कामावर जाऊ लागला. अभ्यास सकाळी दहाला यायचा आणि फोन रात्री आठला घरी यायचा. "फोन मालकांच्यासंगं कामावर जातोय, मग पोरीनं काय भिंतीकडं बघून शिकायचं व्हय?" असे एका ताईने आम्हाला विचारले. त्याला उत्तर नव्हते.

रिचार्जचा खर्च वेगळाच. घरात रोजगार बंद असताना महिन्याच्या महिन्याला नेटपॅक मारणे म्हणजे तेलाच्या पिशवीतून पैसे काढणे. काहींनी हप्त्यावर फोन घेतले. काहींनी कानातले गहाण ठेवले. ज्या आई-बापाने मुलासाठी असे केले, त्यांना पुढे कोणी "तुम्ही मुलाकडे लक्ष दिले नाही" असे म्हटले तर त्यांच्या मनाला काय वाटत असेल?

शिवाय घरात शिकवायचे कोणी? स्वतः सातवीपर्यंत शिकलेली आई तिसरीच्या मुलाला गणित समजावू शकते. पण जिने शाळेची पायरीच चढलेली नाही, तिच्याकडून शासनाची सगळी योजना एका शिक्षिकेचे काम अपेक्षित धरत होती. शिकलेल्या घरात मूल शिकले आणि न शिकलेल्या घरात मागे पडले. शाळा ज्या दरीवर पूल बांधते, ती दरीच या दोन वर्षांत उघडी पडली.

२०२१ मध्ये उन्हाळी सुटीतल्या धान्याऐवजी मुलांच्या बँक खात्यात पैसे देण्याचे ठरले. रक्कम थोडी आणि खाते उघडण्याचा व्याप मोठा. आधार कार्ड, फोटो, एक दिवसाची मजुरी बुडवून बँकेसमोर रांग. गरिबाला द्यायचे तेव्हा त्याच्या हातात काय पडते याचा विचार आधी झाला पाहिजे, एवढेच यावरून शिकायचे.

शिक्षकांनाही न्याय द्या

वस्तीत बसून शिक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. "घरी बसून पगार खाल्ला" असे बोलणारे तेव्हा पुष्कळ होते. वस्तुस्थिती तशी नव्हती. प्राथमिक शिक्षकांना करोनाच्या कामावर लावले होते. तपासणी नाक्यांवर, विलगीकरण केंद्रांवर, घरोघरीच्या पाहणीवर. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत त्यांनी दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायू मोजला. यात कित्येक शिक्षक आजारी पडले आणि काहींनी प्राण गमावले.

त्याच वेळी गटावर अभ्यास टाकायचा, कोणी पाहिला याचा तक्ता भरायचा, लिंक भरायची आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी जायचे. गुरुजी झेरॉक्स काढलेल्या स्वाध्यायपत्रिका स्वतःच्या खर्चाने घेऊन वस्तीवर आल्याचे आम्ही पाहिले आहे. झाडाखाली, समाजमंदिराच्या ओट्यावर, विहाराच्या पायरीवर पाच-सात मुले अंतर ठेवून बसवून बाईंनी शिकवल्याचेही पाहिले आहे. सगळेच तसे नव्हते. गटावर दोन व्हिडिओ ढकलून मोकळे होणारेही होते. पण ज्यांनी जीव तोडून काम केले त्यांचे मोल समाजाने ठेवलेच पाहिजे. अशा एका बाई आम्हाला म्हणाल्या, "मी शिकवत होते, पण समोर डोळे नव्हते. मुलाला कळले की नाही हे मुलाच्या डोळ्यांत दिसते. ते दोन वर्षे दिसले नाहीत."

राज्यात इतरत्रही शिक्षक आणि कार्यकर्ते यांनी वाटा काढल्या. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये वस्त्रोद्योगातल्या कामगारांची वस्ती आहे. तिथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर अक्षरे, पाढे, आकृत्या रंगवून घेतल्या. येता-जाता मुले भिंत वाचू लागली. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवणारी "बोलकी शाळा" चालवली. भिंतीला रिचार्ज लागत नाही आणि कर्ण्याला नेटवर्क लागत नाही. गरिबाच्या घराकडे पाहून योजना आखली की ती कशी साधी असते, त्याची ही उदाहरणे.

इथे एका जुन्या संस्थेची आठवण येते. पुण्याची "बालचित्रवाणी" १९८४ मध्ये सुरू झाली. दूरचित्रवाणीवरचे तिचे शालेय कार्यक्रम पाहतच आमची पिढी मोठी झाली. मुलांसाठी मराठीतून पडद्यावर शिकवायचे कसे, याचा तीन दशकांचा अनुभव तिच्यापाशी होता. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी साऱ्या राज्याला घरबसल्या शिक्षणाची गरज पडली. हाताशी असलेली विहीर बुजवली आणि मग तहान लागली, अशी ही गत.

कोल्हापूरचे दुहेरी दुखणे

आपल्या जिल्ह्यावर तर एकामागून एक आघात झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत घरे आणि शाळा पाण्याखाली गेल्या. दप्तरे भिजली, पुस्तके वाहून गेली. त्या वर्षीचा अभ्यास कसाबसा सावरतो तोच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २०२१ च्या जून-जुलैमध्ये इतर बऱ्याच जिल्ह्यांत दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापुरात रुग्णसंख्या रेंगाळत राहिली. मागचे राहिलेले भरून काढण्यासाठी शासनाने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा "सेतू" अभ्यास सुरू केला होता. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेला पुन्हा महापूर आला. ज्या कुटुंबाने अंथरूण-पांघरूण डोक्यावर घेऊन नातेवाइकाचे घर किंवा निवारा केंद्र गाठले, त्याच्या मुलाला सेतू कसला आणि अभ्यास कसला? वीज नाही, चार्जिंग नाही, कोरडी वही नाही.

डोंगरी तालुक्यांचे दुखणे आणखी निराळे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत वाड्या-वस्त्या दऱ्याखोऱ्यांत आहेत. तिथे पैसे मोजून रिचार्ज मारला तरी फोनला रेंज येईलच असे नाही. टेकडीवर चढून, छत्री धरून अभ्यास उतरवून घेणारी मुले म्हणजे कौतुकाची बातमी झाली. खरे तर ती लाजेची बातमी होती.

आकडे काय सांगतात?

आमचे अनुभव चार वस्त्यांचे. कोणी म्हणेल, ही तुमची रडगाणी आहेत. म्हणून थोडे आकडे पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांतील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. त्यात महाराष्ट्रही होता. नियमित ऑनलाईन शिकणारी मुले शहरात २४ टक्के आणि खेड्यात केवळ ८ टक्के निघाली. खेड्यातल्या दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण ४ टक्के होते आणि इतर मुलांत १५ टक्के. शंभरात चार! ज्या घरांविषयी "यांना शिक्षणाची आवड नाही" असे म्हटले जाते, त्याच दलित-आदिवासी पालकांपैकी ९८ टक्के जण शाळा लवकरात लवकर उघडा असे सांगत होते.

"असर" या नावाने दरवर्षी ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण पाहणीतून दुसरी गोष्ट कळते. देशात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर गेली. शाळा सुरू झाल्यावर नव्याने आलेली मुले सावरली, ही आनंदाची गोष्ट. पण हे सावरणे २०२४ मध्ये तिसरीत असलेल्या मुलांचे आहे. मधल्या दोन वर्षांत पहिली-दुसरी घरी काढलेली मुले त्यांच्या पुढे निघून गेली आहेत. त्यांच्याकडे मागे वळून कोण पाहणार?

फोन घरात आला म्हणजे शिक्षण आले, हा भ्रमही याच पाहणीने दूर केला. २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. २०२४ मध्ये १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले तेव्हा आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. ही १४ ते १६ वर्षांची मुले २०२० मध्ये १० ते १२ वर्षांची होती. शिकण्यासाठी म्हणून त्यांच्या हातात दिलेला फोन हातातच राहिला. शिक्षण मात्र निसटले.

छपराचे मोल

आपण कोल्हापूरचे लोक. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांच्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, २१ आणि २२ मार्च १९२० ला आजच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद भरली आणि महाराजांनी तिथे बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. त्या परिषदेला शंभर वर्षे पुरी झाली तो २२ मार्च २०२० चा दिवस जनता कर्फ्यूचा होता. रस्ते ओस होते आणि शाळांना कुलपे होती.

या दोन तारखा आम्ही मुद्दाम शेजारी ठेवतो. एका छपराखाली, एका फळ्यासमोर, एकाच बाईंकडून शिकणे हा अधिकार आपल्या आजोबा-पणजोबांनी मिळवला. घरी काहीही असो, शाळेत फळा सर्वांना सारखाच दिसतो. कोणाच्या घरी दिवा आहे, कोणाचा बाप शिकलेला आहे, याचा हिशेब शाळेच्या दारात संपतो, निदान संपायला हवा. दूरस्थ शिक्षणाने तो हिशेब परत घरात नेला. ज्याचे घर मोठे त्याची शाळा मोठी, ज्याचे घर अंधारे त्याची शाळा अंधारी, असे झाले. साथीच्या काळात दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. पण साथ नसतानाही "आता सगळे मोबाईलवर शिकता येते, शाळा कशाला" असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला ठामपणे उत्तर दिले पाहिजे. प्राथमिक वयात मोबाईल शिक्षकाच्या हातातले साधन होऊ शकतो. शिक्षकाची जागा त्याला घेता येत नाही.

आता काय करायचे?

नुसते दुःख उगाळून मुलाला वाचता येणार नाही. वेळही थोडा आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणे आवश्यक झाले आहे. नापास झाल्यास पुन्हा एक परीक्षा आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात बसावे लागते. ज्यांची पहिली मोबाईलवर गेली ती मुले २०२४-२५ मध्ये पाचवीला होती आणि २०२७-२८ मध्ये आठवीला असतील. पायाच्या विटा आम्ही दिल्या नाहीत आणि आता भिंत सरळ का नाही म्हणून मुलाला विचारणार, असे होऊ द्यायचे नसेल तर पुढील गोष्टी प्रत्येक घराने आणि प्रत्येक वस्तीने मनावर घ्याव्यात.

पहिली गोष्ट, मुलाची पारख घरीच करा. गुणपत्रिका बाजूला ठेवा. दुसरीच्या पुस्तकातली एक गोष्ट मोठ्याने वाचायला द्या. हातच्याची एक वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचा एक भागाकार द्या. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादाला बसवा. मूल कुठे अडते ते लिहून ठेवा. रागावू नका. अडते ते त्याच्या दोषाने नाही.

दुसरी गोष्ट, ते लिहिलेले घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. "आमच्या मुलाकडे लक्ष द्या" असे मोघम न बोलता "याला जोडाक्षरे येत नाहीत, हातचा घेता येत नाही" असे नेमके सांगा. नेमके सांगितलेले काम करणे शिक्षकालाही सोपे जाते.

तिसरी, शाळा व्यवस्थापन समितीत बसा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. दुर्बल घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा आहे. पुष्कळ ठिकाणी समितीची बैठक कागदावरच होते, कारण आपण जात नाही. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी वाचन आणि गणिताचा जादा तास घ्या, ही मागणी समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

चौथी, वस्तीतले विहार आणि समाजमंदिर संध्याकाळी दोन तास उघडे ठेवा. एक ट्यूबलाईट, दोन सतरंज्या, एक फळा आणि गोष्टींची पन्नास पुस्तके एवढ्यावर वर्ग सुरू होतो. बारावी झालेल्या मुला-मुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात. लहान-मोठ्या इयत्ता न पाहता ज्याला जिथे अडते तिथून सुरुवात करावी. सहावीतले मूल दुसरीचे पुस्तक वाचते म्हणून कोणी हसता कामा नये, एवढी शिस्त मात्र पाळावी.

पाचवी, फोनला घरात वेळ बांधून द्या. कोल्हापुरात पावसाचा जोर वाढला, पंचगंगा पात्राबाहेर आली की अजूनही शाळांना सुटी मिळते आणि गटावर अभ्यास येतो. तो अभ्यास मुलाच्या हाताने वहीत उतरला पाहिजे आणि मग फोन परत आईच्या हातात गेला पाहिजे. लहान मुलाला जेवताना किंवा रडू नये म्हणून फोन देण्याची सवय मोडा. भावाला फोन आणि बहिणीला भांडी, ही वाटणी तर आजच्या आज बंद करा.

सहावी, शाळा सुटलेली मुले शोधा. टाळेबंदीत बापाच्या हाताखाली कामावर गेलेली, गॅरेजवर किंवा वीटभट्टीवर राहिलेली, ऊसतोडीच्या टोळीबरोबर हिंडणारी मुले आपल्या आसपास आहेत. अशा मुलाला वर्षाच्या मध्येही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवले तर कार्यकर्त्यांनी बरोबर जावे.

यातली कोणतीही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. दर वस्तीत चार घरांनी ठरवले तर एका पावसाळ्यात फरक दिसेल. ज्या मुलांना आपण त्या दोन वर्षांत काही देऊ शकलो नाही, ती अजून शाळेतच आहेत, अजून आपल्या हाताशी आहेत. पुढे ती कामाला लागली, लग्ने झाली की मग वाचायला बसवणे अवघड जाते. तेव्हा येत्या रविवारी विहारात जमाल त्या वेळी एकच विषय घ्या: आपल्या वस्तीतल्या किती मुलांना न अडता एक पान वाचता येते? ती यादी करा. काम तिथूनच सुरू होईल.